शेवटचं दार तुझं

योगेशच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘मराठवाड्याचं कंबोडिया! एका दिवसात प्राचीन मंदिर आणि तरंगतं गाव.’ दोन वर्षांपूर्वी तो खरोखरच कंबोडियाला जाऊन आला होता. तिथली झाडांच्या मुळांनी गिळलेली जुनी देवळं पाहिली, तळ्यावर तरंगणारी गावं पाहिली, आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे काय कमी आहे? औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे. धरणाच्या पाण्याखाली आख्खं काळगव्हाण आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावच्या महादेवाचा कळस बाहेर येतो. त्याच्या बाजूला रिकाम्या पिंपांवर झोपड्या तरंगत ठेवल्या की झालं गाव! बुडालेल्या गावाच्या डोक्यावर बसून लोकांनी मटण-भाकरी खायची, असा सगळा बेत.

पंचफुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरीही ती या सहलीला आली होती.

आखाडा बाळापूरच्या एका दवाखान्यात ती तीस वर्षं नर्स होती. पाण्यावरच्या सहलीत नर्स हवी, असा नियम असल्यामुळे योगेशने तिला विचारलं, आणि तिने एकच अट घातली. काळगव्हाण तिचं गाव. ती दहा वर्षांची असताना बुडालं. योगेश कळसाजवळ गावातल्या सगळ्या घरांच्या नावांचा फलक लावणार होता. त्यावर तिच्या बापाचं नाव हवं : कोंडीबा, गावचा कोतवाल, घर ओढ्यापलीकडचं. योगेश म्हणाला होता, “पक्कं. सिस्टर, तुमी काळजीच करू नका.”

पंचेचाळीस वर्षांत तिच्या बापाचं नाव एकाही कागदावर आलं नव्हतं. धरणाचं सर्वेक्षण झालं तेव्हा घराघराच्या भिंतीवर डांबराने आकडे टाकले. एकशे बारा घरं. यादी लिहिली होती त्याच गावात राहणाऱ्या योगेशच्या वडलांनी, गोपाळरावांनी. ओढ्यापलीकडचं कोंडीबाचं घर त्यांनी मोजलंच नाही. कोण जाईल ओढा ओलांडून!

आणि पाणी येणार याची दवंडी द्यायचं काम मात्र कोंडीबाचंच. त्याची एक रीत होती. दाराच्या चौकटीवर काठीने दोनदा ठक ठक करायचं, निरोप सांगायचा आणि घरातून कुणीतरी “ऐकलं” म्हणेपर्यंत हलायचं नाही. “मला कुणी सांगितलंच न्हाई,” असं एकदा एकाने कचेरीत उलटून सांगितलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. लहानगी पंचफुला त्याच्या मागे मागे गावभर फिरायची. शेवटच्या घरी आले की तो काठी तिच्या हातात द्यायचा. “शेवटचं दार तुझं,” म्हणायचा. ती दोन्ही हातांनी काठी उचलून ठक ठक करायची आणि आतून “ऐकलं गं बाई” आलं की आनंदाने उड्या मारायची.

पाणी आलं त्या दिवशी ती आईबरोबर डोंगरकडा गावी मामाकडे होती. कोंडीबाने एकट्याने एकशे बारा दारं ठोठावली, एकशे बारा वेळा “ऐकलं” ऐकलं, मग ओढा ओलांडून आपल्या घरी गेला. पाणी ओढ्यातूनच आधी चढलं, तो परत आला नाही. त्याच्या दारी दवंडी द्यायला कोण होतं? तिची आई कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. गोपाळरावांनी तिला एकच उत्तर दिलं होतं : “यादीत घरच न्हाई, तर ते बुडालं असं लिहू कसं?”

सकाळी नऊला गाडी औंढ्याला पोहोचली. योगेश गळ्यात माइक अडकवून लोकांना देवळाच्या काळ्या भिंतीवरचे कोरीव हत्ती दाखवत होता आणि दर दुसऱ्या वाक्याला कंबोडियाला जाऊन येत होता. पंचफुला बाहेर सावलीत थांबली होती. गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्या, बुटकं छत, आत माणसांची दाटी. हिंगोलीहून आलेली देवश्री नावाची तरुण बाई तिथे घुसमटली, म्हणून पंचफुलाला उतरावं लागलं. तिने देवश्रीला भिंतीशी बसवलं आणि नाडी पाहायला मनगट हातात घेतलं.

ठक ठक.

आवाज पायाखालून आला होता. दगडाच्याही खालून.

“तुम्ही काठी आपटली का?” देवश्रीने विचारलं.

“माझ्याकडं कुठली काठी?” पंचफुला म्हणाली. वर कुणीतरी नारळ फोडत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण नारळ वर फुटतात, खाली नाही, हे तिलाही कळत होतं.

दुपारी बाराला सगळे धरणाच्या काठावर आले. ऊन मी म्हणत होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती, पाणी ताटात ओतल्यासारखं पडून होतं. नाव धर्मसिंगची. पलीकडच्या तांड्यावरचा हा म्हातारा याच पाण्यावर मासेमारी करत पिकला होता. सहलीची पंधरा माणसं, शिवाय योगेश आणि पंचफुला यांना घेऊन नाव निघाली. मध्यावर आल्यावर नावेच्या तळाला खालून दोनदा ठोका बसला. धर्मसिंगने वल्हं थांबवलं.

“झाडाचं खोड असंल,” योगेश म्हणाला.

“हितं झाड न्हाई,” धर्मसिंग म्हणाला. “हितं खाली गल्ली हाय.”

त्याने वल्हं पुन्हा पाण्यात टाकलं.

महादेवाचा कळस पाण्याबाहेर हातभर आला होता, शेवाळाने हिरवा. त्याला वळसा घालून झोपड्या एका ओळीत दोरांनी बांधल्या होत्या, मध्ये फळ्यांची वाट. सात सारख्या, आठवी मोठी, तिला पडदे आणि पंखा. “परमिशन सातचीच हाय,” योगेश हसत म्हणाला, “आठवी आपली घरची. कागदावर नसली म्हणून काय झालं, तरंगते ना?”

पंचफुलाने आधी फलक गाठला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : ‘काळगव्हाण. घरे ११२.’ तिने खालपासून वरपर्यंत दोनदा वाचला. एकशे बारा नावं. कोंडीबा नव्हता.

“योगेश, माझ्या बापाचं नाव?”

“सिस्टर, फलक आमच्या बापूंच्या जुन्या यादीवरून केला. त्यात तुमचं घरच न्हाई. मी नंबर कुठून आणू?”

“तुमी शब्द दिला व्हता.”

“देऊ की पुढच्या सीझनला. काहून एवढं मनाला लावून घेता? जेवा आधी.”

तिच्या तोंडात शिव्या आल्या होत्या. तिने त्या गिळल्या. बाप गेला, माय पायऱ्या झिजवून गेली, आणि हा म्हणतो जेवा आधी! मेल्या, तू ज्या जागी पंखा लावून बसतोस ना, तिथे माझ्या बापाने दवंडी दिली म्हणून तुझा बाप वाचला. तुझा बाप वाचला म्हणून तू जन्मलास.

ती पहिल्या झोपडीत जाऊन बसली. देवश्रीने तिच्या ताटात भाकरी वाढली. पंचफुलाने तुकडा मोडला, तेवढ्यात पायाखालची फळी थरथरली.

ठक ठक.

थांबला. वाट पाहिल्यासारखा थांबला. पुन्हा ठक ठक.

“मासे असतील,” कुणीतरी म्हणालं.

ठक ठक.

पंचफुलाच्या तोंडून शब्द आपोआप निघाला. “ऐकलं.”

आवाज बंद झाला. मग शेजारच्या झोपडीखालून आला. ठक ठक.

तिच्या हातातला तुकडा खाली पडला. तीस वर्षं तिने मरणारी माणसं पाहिली होती, भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण बापाचा हात ओळखायला विश्वास लागत नाही. पहिला ठोका जोरात, दुसरा हलका.

ती फळीवरून धावली. दुसऱ्या झोपडीत गेली, म्हणाली, “ऐकलं.” तिसरी. चौथी. लोक तिच्याकडे बघत राहिले. पाचव्या झोपडीत एका म्हाताऱ्याने विचारलं, “बाई, कोणाशी बोलताय?” ती पायाखाली वाकून “ऐकलं” म्हणाली. धर्मसिंग नावेत उभा राहून सगळं पाहत होता. त्याने नावेचा दोर सोडायला सुरुवात केली होती.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “लोकायला उतरवा.”

तिने नर्सचा आवाज काढला. “मटण बिघडलेलं हाय! कुणी एक घास खायचा न्हाई. सगळे नावेत बसा, आत्ताच्या आत्ता!”

या आवाजापुढे दवाखान्यात भले भले गप्प बसत. पंधराच्या पंधरा माणसं नावेत आली. ती सहावीत गेली, सातवीत गेली, रिकाम्या ताटांसमोर “ऐकलं” म्हणाली.

मग आठवीच्या दारात उभी राहिली.

योगेश आत खुर्चीवर बसून मोबाइलमध्ये काहीतरी करत होता. “काय तमाशा लावला हो तुमी? माझं नाव खराब करून राहिले. मटणाला काय झालंय?”

ती पायाखाली कान लावून उभी राहिली. आता येईल. आता.

काही आलं नाही.

पंखा फिरत होता. पडदा हलत नव्हता. ती पूर्ण मिनिटभर उभी राहिली. ठोका आला नाही.

तेव्हा तिला कळलं. म्हणजे तिला वाटलं, कळलं. बापाने याला वगळलं. जसं याच्या बापाने आम्हाला वगळलं तसं. तिच्या छातीत काहीतरी गोड, कडक पेटलं. बराबर केलंस, बाबा.

“तुमी येता का नावेत?” तिने विचारलं. हाक मारून नाही, हात धरून नाही. विचारायचं म्हणून विचारलं.

“मी व्हिडिओ काढून येतो. धर्मसिंगला परत पाठवा.”

“बरं,” ती म्हणाली आणि निघाली.

नाव शंभर वल्ह्यांवर आली असेल. देवश्री मागे बघत होती. “मावशी,” ती म्हणाली, “शेवटच्या झोपडीत नाही वाजलं का?”

शेवटच्या.

पंचफुला ताडकन उठली. शेवटचं दार तुझं. बाप कुणालाच वगळत नसे. उभ्या जन्मात त्याने एक दार चुकवलं नव्हतं. तो काठी हातात देऊन बाजूला उभा राहिला होता.

“फिरवा!” ती ओरडली. “धर्मसिंगभाऊ, नाव फिरवा!”

ती वळली.

कळस होता. फलक होता.

झोपड्या सात होत्या.

नाव परत सातवीपाशी आली तरी पाण्यावर एक लहर नव्हती. आठवीचा दोर सातवीपासून निघून सरळ खाली गेला होता, ताठ, ओढून धरल्यासारखा. धर्मसिंगने तो ओढला. तो सहज वर आला, टोकाला गाठ तशीच, गाठीत काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर पंचनामा झाला. पाणबुड्यांना पिंप सापडलं नाही, खुर्ची सापडली नाही, माणूस सापडला नाही. कारकून परवानगीचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. समोर गोपाळराव, ऐंशी ओलांडलेले, दोघांनी धरून आणलेले.

“कागदावर सात झोपड्या आहेत,” कारकून म्हणाला. “सातही जागेवर आहेत. माणूस बेपत्ता असं लिहितो. पण आठवी कागदावर नाही, तर ती बुडाली असं लिहू कसं?”

गोपाळरावांनी मान वर केली. त्यांची नजर थेट पंचफुलावर आली.

“आठ व्हत्या,” पंचफुला म्हणाली. “मी पाहिल्या. लिहा.”

कारकुनाने लिहिलं नाही.

“घरं एकशे तेरा व्हती,” गोपाळराव एकदम म्हणाले. “कोंडीबाचं घर व्हतं. मीच लिहिलं न्हाई.”

पंचेचाळीस वर्षं या एका वाक्यासाठी ती तडफडली होती. आज ते आलं तर तिला ते कुठे ठेवावं कळेना. तिला रडू आलं नाही. राग आला, पुन्हा तोच, पण आता तो कुणावर काढायचा हे ठरवता येत नव्हतं. पोराचा बाप समोर होता. ज्या दारी तिने सांगितलं नाही, ते दार कुठेच नव्हतं.

ती दुपारी बाळापूरला आली. गल्ली उन्हाने रिकामी होती. तिच्या उंबऱ्यावर कुणीतरी एक काठी आडवी ठेवली होती. बाभळीची, टोकाला चिखल, त्या चिखलाचा वास तिला दहाव्या वर्षापासून माहीत होता. काठीतून पाणी ठिबकून फरशीवर ओघळ गेला होता.

तिने ती उचलली. सगळी काठी गार होती. मुठीची जागा तेवढी ऊबदार होती.