दोन बोटं पांढरं

“डायवाले कोण आहेत? पुढं या!”

शहराच्या गारखेडा भागातल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं असा पुकारा केला आणि मी स्कार्फमध्ये तोंड लपवत उभी राहिले. त्याच क्षणी समोरच्या बाकावरचे एक गृहस्थही उभे राहिले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं... म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं. माझा डावा डोळा सुजून मिटला होता, त्यांचा उजवा. शिवाय त्यांच्या मिशीखाली ओठ टरटरून फुगला होता.

“तुमी आधी जा,” ते म्हणाले.

“पण नंबर तुमचा आधी आहे ना?”

“व्हय. पण मी आधी गेलो तर डॉक्टर घाबरतील, मग तुमचं राहून जाईल.”

सुजलेल्या चेहऱ्यानं हसलं की दुखतं, हे मला त्या मार्च महिन्यात कळलं.

डॉक्टरांनी दोघांनाही एकच सांगितलं. काळा रंग आता कायमचा बंद. काळी मेंदी म्हणून विकतात तीसुद्धा नाही. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो. दोघांना एकच मलम लिहून दिलं आणि आम्ही खालच्या मेडिकलसमोर एकामागं एक उभे राहिलो.

“तुम्ही कशासाठी लावला होता?” मी उगाच विचारलं.

“लग्नासाठी.”

“कुणाच्या?”

“माझ्याच,” ते लाजले. त्रेपन्न वर्षांचा माणूस असा लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “परिचय मेळावा व्हता. आदल्या दिवशी रंगवलं. स्टेजवर नाव पुकारलं तवा मला पायऱ्याच दिसंनात. दोन माणसांनी धरून वर नेलं... लोकांना वाटलं, सत्काराला कुणी वयोवृद्ध आणलाय!”

त्यांचं नाव गोकुळ साबळे. लासूर स्टेशन या गावात त्यांचं मोटारी भरून द्यायचं दुकान. विहिरीतल्या पंपाची मोटार जळाली की तिच्यात तांब्याची तार नव्यानं भरायची, हे काम. वडील लवकर गेले, दोन भाऊ, दोन बहिणी, सगळ्यांची लग्नं यांनी लावली आणि स्वतःचं राहून गेलं.

“नाव गोकुळ, घर भरलेलं, आणि जेवताना ताटासमोर एकटाच,” ते म्हणाले, आणि लगेच रिक्षा बघायला लागले.

मीही एकटीच जेवते, हे अनोळखी माणसाला काय सांगायचं...

मी मेघा खरात. वय एकोणपन्नास. गारखेड्यातच माझी टायपिंगची छोटी संस्था आहे. अभय, माझे मिस्टर, नऊ वर्षांपूर्वी गेले. मुलगा सम्यक पुण्यात असतो. माझे केस तिशीतच पांढरे व्हायला लागले होते. दर तिसऱ्या रविवारी अभय माझ्या मागं स्टुलावर बसायचे, हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायचे आणि जुन्या टूथब्रशनं मानेपासून वरपर्यंत रंग लावून द्यायचे. “हलू नकोस गं, कान काळा होईल,” म्हणायचे. ते गेल्यावरही मी रविवार चुकवला नाही. फक्त मागचं नीट जमायचं नाही. तिथं नेहमी काहीतरी सुटायचं, आणि सुटलंय हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

खाज थांबली का, हे विचारण्यापुरता आम्ही एकमेकांचा नंबर घेतला. खाज आठ दिवसांत थांबली. विचारणं मात्र थांबलं नाही.

तांब्याची तार घ्यायला ते दर गुरुवारी शहरात यायचे. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी आम्ही सिद्धार्थ उद्यानात चहाला भेटलो.

“या, गोकुळभाऊ,” मी म्हणाले.

“भाऊ तेवढं नका म्हणू.”

“का बरं?”

“दोन सख्ख्या, सतरा चुलत-मावस बहिणी हायेत मला. आता जागा नाय.”

मी चहाच्या कपात बघत हसले. त्या दिवसापासून गोकुळराव म्हणायला लागले.

एप्रिल, मे... भांगात पांढरी रेघ उमटली, मग रेघेचा पट्टा झाला. फोनवर आमचा एकच हिशोब चालायचा.

“किती बोटं झालं, मॅडम?”

“दीड.”

“माझं दोन. मी पुढं हाये.”

पण दिवसाचे बाकीचे तास लांब असायचे. शेजारच्या मनकर्णाबाई रोज जिन्यात विचारायच्या, “तब्येत बरी नाय का गं?” क्लासमधल्या मुली माझ्या डोळ्यांकडे न बघता कपाळाच्या वर बघून बोलायच्या. एकदा सिडकोकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात कॉलेजातली मुलगी चटकन सरकली आणि म्हणाली, “बसा, आजी.” किती अदबीनं म्हणाली बिचारी! मी बसले, थँक्यू म्हणाले, आणि घरी येऊन चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिले. स्कार्फ सोडायचं धैर्य होईना. घरातसुद्धा.

त्या गुरुवारी मी गोकुळरावांवरच चिडले. “तुम्हा पुरुषांचं बरं असतं. न्हाव्याकडं दोनदा गेलात की काळं संपलं. माझं वर्षभर चालणार.”

“मी कुठं गेलोय न्हाव्याकडं?” त्यांनी टोपी काढली. केस कॉलरवर आले होते... वर चार बोटं पांढरे, खाली काळेकुट्ट. “मार्चपासून कात्री लावली नाय. गिऱ्हाईकं विचारत्यात, नाटकात काम करता का म्हणून.”

“पण का? कापले तर सुटाल ना!”

“सुटंन की. पण मग तुमी एकट्याच राहाल.”

ऑगस्टची भुरभुर चालू होती. बाकाच्या लाकडाला ओला वास येत होता. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि रस्त्यावरच्या बसेसकडे असं बघत राहिले, जणू काही विशेष बोललेच नव्हते. मी स्कार्फची गाठ सैल केली... मग सोडलीच. पावसाचे दोन थेंब थेट भांगात पडले. कितीतरी महिन्यांनी डोक्याला वारा लागला. त्यांनी वळून पाहिलं, आणि नजर लवकर काढून घेतली नाही.

ऑक्टोबरात ते एका गुरुवारी आले आणि कपातला चहा नुसता ढवळत राहिले.

“मेळाव्यातून एक स्थळ आलंय,” शेवटी म्हणाले. “फुलंब्रीकडचं. बाई चांगल्या हायेत. भाऊ म्हणतो, आता पुरे झालं... काय करू?”

त्यांनी ‘काय करू’ असं विचारलं, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं होतं की ते काय विचारतायत. पण मी पन्नाशीला आलेली बाई. माझ्या घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. त्यांच्या घरी भाऊ, भावजया, सारा गाव. आणि भिंतीवर अभय.

“करा की,” मी म्हणाले. “फक्त आधी केस कापून घ्या. असे अर्धेमुर्धे जाऊ नका.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. “बरं,” म्हणाले आणि उठले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन नाही, बोटांचा हिशोब नाही. मी दोन्ही वेळा त्या बाकावर जाऊन बसले आणि दोन्ही वेळा स्वतःला सांगितलं, मी फक्त चालायला आले होते. घरी वरणभात केला की एकीला तो नेहमीपेक्षा जास्त व्हायला लागला. नऊ वर्षांत कधी अंदाज चुकला नव्हता.

दिवाळीनंतर सम्यकचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या तान्ह्या मुलीचं बारसं ठरलं होतं. माझं नातीला बघून झाल्यावर तो जरा चाचरला.

“आई, रागावू नकोस... बारशाला फोटो निघतील. पार्लरमध्ये विचारून बघ ना, अ‍ॅलर्जी न होणारं काहीतरी निघालं असेल. बाबा गेले तेव्हाही तू अशी दिसत नव्हतीस गं.”

त्याचं खरं होतं. बाबा गेले तेव्हाही मी अशी दिसत नव्हते. नऊ वर्षं मी आरशात अभयची बायको जशीच्या तशी जपून ठेवली होती. काळे केस, मधला भांग, तीच वेणी. ते दारातून आले असते तर त्यांनी ओळखलं असतं. पण ते येणार नव्हते... हे मी पहिल्यांदाच, त्या फोननंतर, स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणाले. “अभय, तुम्ही येणार नाही ना.” आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये गेले. तिथल्या संस्कृती नावाच्या मुलीनं रंगाच्या डब्यांकडे हात नेला.

“रंग नको. जेवढं काळं आहे तेवढं काप.”

“मॅडम, लई छोटे होतील.”

“होऊ दे.”

कात्री कानाशी वाजत राहिली. फरशीवर काळी वेणी पडली आणि आरशात एक चांदीसारखं, आखूड केसांचं डोकं उरलं. अनोळखी, पण वाईट नव्हे. मान एकदम हलकी झाली होती. बाहेर आले तेव्हा हे कुणाला तरी दाखवावं असं वाटलं. कुणाला तरी कसलं... एकालाच.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला उतरले. स्कार्फ घरीच होता. दुकान शोधावं लागलं नाही. मोंढ्याच्या रस्त्यावर ज्याला विचारलं त्यानं हात केला.

ते जमिनीवर बसून मोटारीत तार भरत होते. केस अजून तसेच लांब होते.

“काय जळालंय, ताई?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“ताईसाठी जागा नाही म्हणाला होतात.”

तार हातातून सुटली. ते उठले, मला बघत राहिले. खूप वेळ. मी उगाच कानामागं केस सारायला गेले, तर सारायला केसच नव्हते.

“बरे दिसत नाहीत का?” मी विचारलं.

“नाय... म्हंजे व्हय... म्हंजे लई...” त्यांनी तेलकट हात पँटीला पुसले. “बसा. आधी बसा.”

“फुलंब्रीचं काय झालं?”

“गेलो व्हतो. असाच, अर्धामुर्धा. त्या बाईंना म्हणलं, तुमाला फसवायचं नाय. माझं एकीकडं मन हाये, पण तिकडून नकार हाये. त्या म्हणाल्या, मग इथं चहा कशाला पिताय? जा, परत विचारा.”

“मग विचारलं का नाही?”

“हिंमत झाली नाय. पण घरी भावाला सांगून टाकलं... तुमचं सगळं, जातपात, वय, मुलगा, सगळं. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाय. तिसऱ्या दिवशी दुकानावर माझा डबा पाठवला. बोलत अजून नाय. पण डब्यात दोघांना पुरतील एवढ्या भाकरी व्हत्या.”

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते गोंधळले. काय करावं न कळून त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.

“गोकुळराव,” मी म्हणाले, “त्या दिवशी मी घाबरून ‘करा’ म्हणाले होते. दोन गुरुवार त्या बाकावर बसून काढलेत. मला आता एकटीनं बसवत नाही.”

त्यांनी हात पुढं केला, तेलाचे डाग बघून मागं घेतला. तो मीच धरला. तांब्याच्या तारेनं खरबरीत झालेला, गरम हात होता. रस्त्यावरून माणसं जात होती, बघत होती. आम्ही दोघांनीही हात सोडला नाही.

दुपारच्या गाडीला सोडायला ते फलाटावर आले. मी खिडकीत बसले.

“बारशाला पुण्याला जातेय, शनिवारी,” मी सांगितलं. “तुम्ही चला.”

“मी? तिथं पोरगा विचारंल की, हे कोण?”

“विचारू दे.”

“काय सांगाल?”

गाडी हलली. ते खिडकीचा गज धरून चार पावलं चालले, आणि मला वाटलं, हे आत्ता सांगितलं नाही तर मी पुन्हा घाबरेन.

“माझे आहेत, म्हणून सांगेन!”

ते फलाटावर थांबले. टोपी हातात, केस वाऱ्यावर. दिसेनासे होईपर्यंत मी बाहेर बघत होते. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन बसलेल्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

“मालक का वं?”

“अजून नाय,” मी म्हणाले.