डब्यात नसलेली नाळ

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. भुतांच्या गोष्टी रचून सांगायला मी रिकामी बसलेली नाही.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या, साळूबाईच्या घरात घडलं. साल एकोणऐंशी. नाशिक, पंचवटीतली खोली, वैशाखातली भर दुपार.

साळूबाईची सून कुमुद कॉलेजात संशोधन करायची. माणसाच्या अंगातल्या पेशी काचेच्या बाटलीत जगवायच्या, वाढवायच्या. म्हणे शिक्षण!

तिला मुलगा झाला. वार आणि नाळ परसात पुरायची आपली रीत. दवाखान्यातून झाकलेला डबा आला. साळूबाईनं खड्डा खणला, हळदकुंकू वाहिलं, वर दगड ठेवला.

डबा उघडून पाहिला नाही.

तिथंच घात झाला.

सव्वा महिना सरताच सून कॉलेजात पळाली. त्या दुपारी साळूबाई पाळणा हलवत होती. लाईट गेली. पंखा थांबला.

बाळाचं रडणं मध्येच तुटलं...

तिनं हात लावला.

गार.

बाहेर ऊन अंग भाजत होतं आणि पोर बर्फासारखं. ओठ निळे. डोळे सताड उघडे.

तिनं त्याला पोटाशी धरलं, हाका मारल्या. काही नाही...

पंखा फिरू लागला. बाळ रडलं. अंगात ऊब आली.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली. पुन्हा तेच.

संध्याकाळी तिनं सुनेला दारातच अडवलं.

"लाईट गेली की पोर गार का पडतं गं?"

कुमुदचा चेहरा उतरला.

"आत्याबाई... डब्यात नाळ नव्हती. कॉलेजात आहे. तिच्या पेशी उबेच्या पेटीत वाढवतेय. लाईट गेली की पेटी थंड होते."

"पोटच्या पोराची नाळ बरणीत घातली? लोणचं हाय का ते?"

"अहो, ते जिवंत आहे!"

"तेच तर म्हणते मी, भवाने!"

सकाळी बाळाला घेऊन साळूबाई कॉलेजात धडकली. कुमुदचे सर हसले.

"आजी, हे विज्ञान आहे."

"मग तुमच्या लेकराची नाळ घाला की पेटीत!"

सरांनी हसतच पेटीचं दार उघडलं...

साळूबाईच्या हातातलं बाळ शहारलं.

कुमुदनं ते पाहिलं. पेटीतली बाटली उचलली. आत लाल पाणी, तळाशी धुक्यासारखा थर.

"पण आत्याबाई, मातीत हे कायमचं थंड पडेल. मग बाळ?"

"मातीत गेलेलं थंड पडत नाय. निजतं."

दोघींनी त्याच दगडाशेजारी बाटली पुरली. दुपारी लाईट गेली. साळूबाई बाळाच्या छातीवर हात ठेवून बसली...

ऊब होती.

तिनं देवापुढं साखर ठेवली.

लाईट आली. पंखा गरगर फिरत होता.

आणि बाळ गार पडलं.

"आता काय गं?" साळूबाई किंचाळली.

कुमुद भिंतीला टेकली. "पेशी वाढल्या की बाटली भरते. मग त्या वाटून दुसऱ्या बाटल्यांत घालतात... सरांनी काही बाहेरगावी दिल्या आहेत."

"कुठं?"

"सर सांगत नाहीत."

साळूबाईनं सरांच्या सात पिढ्या काढल्या. पत्ता मिळाला नाही.

ते पोर आता शाळेत जातं. परवा माझ्या शेजारी जेवायला बसलं होतं. हातातला घास तसाच राहिला. ओठ निळे पडले.

"मोठी आजी... दार कुणी उघडलं?"

मी मागे पाहिलं.

दाराला आतून कडी होती.