सड्यावर वारा नव्हता

तुमचा विश्वास बसो न बसो, हे घडलंय. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात, गेल्या डिसेंबरात, एका मंगळवारी.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

आत्मारामकाकांनी तीस वर्षं बोटीवर काढलेली. वारा आहे की नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको.

त्यांचा एकुलता मुलगा सुजय पॅराग्लायडिंग करायचा. घरामागच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, कड्यावरून धावत सुटायचा आणि समुद्रावर तरंगायचा.

"बाबा, जमीन सुटली ना पायाखालची, की कसलीच भीती उरत नाय," म्हणायचा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वारा अचानक फिरला. हवेतच पॅराग्लायडरची छत्री मिटली. सुजय कड्याखालच्या खडकांवर पडला.

काका वरून बघत होते. हात पुढे केलेले... धरायला काहीच नव्हतं.

दहा महिने ती छत्री पडवीत पडून होती. शेवटी दमयंतीकाकूच म्हणाल्या, "धुवा नि निलेशला देऊन टाका. त्याच्याबरोबर उडायचा ना तो."

काकांनी विहिरीवर छत्री धुतली आणि घरामागच्या कातळावर एकट्यानेच वाळत घातली.

गवताचं पातं हलत नव्हतं.

आणि छत्री... हळूहळू फुगायला लागली.

काकांनी गवताकडे पाहिलं. ते तसंच स्तब्ध.

छत्री काकांच्या डोक्याच्याही वर उभी राहिली. दोऱ्या ताठ झाल्या. खालची बसायची झोळी उचलली गेली. मांड्यांचे पट्टे गोल झाले... आत कुणीतरी असल्यासारखे.

काकांना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्यांचा ऊर भरून आला.

"सुजय?"

पट्टे कड्याकडे सरकले. एक पाऊल... दोन... मग धावायलाच लागले.

काका मागे धावले. दोन्ही हातांनी पट्टे गच्च धरले.

"नको रे बाळा! आता नाय सोडणार तुला!"

हाताला वजन लागलं. भरल्या अंगाच्या पोराचं. काकांच्या टाचा उचलल्या गेल्या.

कानाशी आवाज आला...

"बाबा, सोडा ना."

त्या आवाजात भीती नव्हती. हसू होतं.

काकांनी सोडलं नाही. बोटीचा दोर खेचावा तसं सगळं बळ लावून खाली ओढलं.

छत्री मिटली.

कातळावर धप्पकन काहीतरी आदळलं.

काकांनी बघितलं. ओलं कापड, रिकामे पट्टे. बाकी कोणी नाही.

दमयंतीकाकू पिठाच्या हातांनी मागच्या दारातून धावत आल्या.

"अवो, कोण पडला?"

"कोण नाय गो. छत्री वाळत घातलीय."

काकू कातळाकडे बघत राहिल्या.

"मग आता 'आये' म्हणून कोण ओरडला?"

काकांनी ती हाक ऐकलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी निलेश छत्री घेऊन गेला. काकूंना काकांनी आजवर काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही एकदाच, मान खाली घालून.

"तो उडत होता रे," म्हणाले. "मी त्याला धरला... का पाडला?"