बळीचं दृश्य

परीक्षण कार्यालयाच्या अरुंद बोळकांडीत आम्ही दोघे एकाच बाकावर टेकलो होतो. मी गाण्यांच्या चित्रफिती दिग्दर्शित करीत असे, आणि सरकारी मंजुरीवाचून एकही गाणे दूरचित्रवाणीवर जात नसे. शेजारचा तरुण माझ्यासारखाच कोणी ताटकळलेला असावा, असे मी गृहीत धरले.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"या बाकावर... हो, पहिल्यांदाच."

"मग ऐका. गाण्यात एक चुंबन घालून ठेवायचं. साहेबांच्या कात्रीला खाद्य मिळालं, की बाकीचं गाणं सुखरूप सुटतं. आम्ही त्याला बळीचं दृश्य म्हणतो."

"आणि साहेब इतके भोळे?"

"ठार भोळे!"

त्याने हसू दाबले. शिपायाने दार उघडून त्याला सलाम ठोकला, आणि तो आत जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसला! मागोमाग मलाही आत बोलावले. त्याने माझे गाणे पाहिले, चुंबन कापले – फक्त चुंबनच – आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेबांचं पोट भरलं, बाई."

तेव्हापासून तो माझा 'कात्री' झाला. प्रत्येक गाण्यात मी त्याच्यासाठी एक चुंबन राखून ठेवी.

"एखादं तरी न कापता ठेवावंसं वाटतं हो..." तो म्हणे.

"ठेवून काय करणार?"

"बघत बसेन."

"नुसतं बघत?" मी विचारी, आणि त्याचे कान लाल होत.

ओल्या छत्रीसह तो आमच्या घरी चहाला येऊ लागला. आई त्याला 'बाळ' म्हणे. माझा दादा गायक होता. गळ्यात तपकिरी मफलर घातल्याशिवाय तो गात नसे, हे साऱ्या शहराला ठाऊक. कात्री त्याच्याशी सुरांवरून तासन्‌तास वाद घाली.

मग दादा संपकऱ्यांपुढे गायला. त्याला घरातून उचलून नेले. त्याच्या आवाजावर बंदी आली. मफलर तेवढा खुंटीवर राहिला.

पुढच्या गाण्यात मी एक रिकामा माइक उभा केला आणि त्यावर तो मफलर टाकला. दादाला आम्ही विसरलेलो नाही, एवढेच शहराला दिसावे. सोबत नेहमीचे चुंबनही घातले. मंजुरी मिळून फीत कार्यालयातूनच परस्पर प्रक्षेपणाला गेली, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

गाणे लागले. आई पुढे सरकून बसली. पडद्यावर चुंबन आले – पूर्ण, निवांत – आणि गाणे संपले. माइक नव्हता. मफलर नव्हता.

"दादाचं कुठाय गं?" आईने विचारले.

दुसऱ्याच दिवशी कात्री दारात उभा राहिला.

"तुलाही नेलं असतं गं..."

"मला विचारलं होतंत?"

"विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस." तो घुटमळला. "आणि ते दुसरं... मुद्दाम ठेवलं. तुला कळलं असेल ना? लग्न करशील माझ्याशी?"

कळले होते. एवढे महिने मी ज्याची वाट पाहिली ते त्याने मला दिले होते – माझ्या भावाच्या जागी.

"चुकीच्या दृश्याचा बळी दिलात," मी म्हणाले. "निघा आता."

तो वळला. जाता जाता त्याचा हात नकळत खुंटीकडे गेला, बोटे मफलरच्या लोकरीला टेकली.

आतून आई म्हणाली, "साहेब, त्याला हात लावू नका."