उलटा वॉशर

ईसीजीच्या खोलीतला नळ टपटप गळत होता आणि माझं डोकं फिरत होतं.

बाबा पलंगावर, छातीला वायरी लावलेल्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची नळी चोंदली, आत जाळी बसवली. तेव्हापासून त्यांची प्लंबिंगची सगळी कामं माझ्या अंगावर. शाळा कधीच सोडलेली होती, आता सोडायला दुसरं काही नव्हतं. आज सकाळपासून दोन टाक्या बसवून झाल्या होत्या. पाय नुसते ठणकत होते.

मी पिशवीतून पाना काढला आणि नळाला भिडले.

"ओ मॅडम, पेशंट तो नाही," मशीनवाला म्हणाला. विशीतलाच. डोळ्यांखाली काळं.

"तुमचा पेशंट तुम्ही बघा."

तो हसला. दमलेलं... पण हसला.

कागद सरकत होता. "काका, गोळ्या चालू ना?"

"सोडल्या आठ दिवस झाले," बाबा ऐटीत म्हणाले. "पाइप मोकळा झाला, आता कशाला? तीस वर्षं हेच करतोय मी."

मला रोज सांगायचे, घेतली म्हणून! मी ओरडणार, तोच त्यानं मलाच विचारलं, "खाऱ्या पाण्याच्या लाइनीत नवा पाइप टाकला, तर?"

"आतून परत थर धरतो."

"आणि थराचा टवका सुटला?"

"पुढे अडकतो. मग पाणी बंद—"

मी पाना नळाशीच ठेवला. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"रक्त तेच आहे, काका," तो हळूच म्हणाला. "जाळीत गुठळी झाली, तर इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही. चला, आत्ताच डॉक्टरांकडे."

अर्ध्या तासानं, डॉक्टरांची भरपूर बोलणी खाऊन, बाबांनी माझ्यासमोर गोळी गिळली.

"तोंड उघडा."

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"म्हणूनच. उघडा."

उघडलं.

मग मला आठवलं, पाना ईसीजीच्या खोलीतच राहिला. म्हणजे... आठवत होताच.

"ठेवूनच घेणार होतो," तो पाना पुढे करत म्हणाला. "नळ आता गळणार नाही ना?"

माझ्या हातचं काम गळत नाही, कुणालाही विचारा.

"गळेल," मी म्हटलं. "जुनाच वॉशर उलटा करून बसवलाय. महिनाभर चालेल जेमतेम."

"काकांची तपासणीची तारीखही महिन्यानंच आहे."

"माहितीये."

पिशवी खांद्याला लावून मी निघाले. नवा वॉशर पिशवीतच होता.