दमलेली बाजू

चिप बोटाच्या पेराएवढी होती. काळ्या अंगावरची छापील अक्षरं झिजलेली, दोन्ही कडांना गोमेसारखे पाय. डॉ. हेमांगी उकिडवे यांनी ती चिमट्याने उचलून वाचनयंत्राच्या खोबणीत बसवली. जुन्या खटल्याच्या फेरतपासणीत न्यायालयाने देखरेखीसाठी पाठवलेले डॉ. बागवान शेजारीच उभे होते.

ही चिप ज्या कॉम्प्युटरमधली होती, तो एके काळी मुलांनी टीव्हीला जोडून खेळ खेळावेत म्हणून विकला जाई. हेमांगींचे वडील रत्नाकर उकिडवे यांनी तसा एक कॉम्प्युटर इचलकरंजीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात बसवला होता. बंद टाकीतला दाब पंच्याऐंशी पौंडांच्या वर गेला की त्याने वाफेची झडप उघडायची, एवढंच त्याचं काम. वीज गेली तरी मर्यादेचा आकडा टिकावा म्हणून आत एक छोटी बॅटरी होती. सहा वर्षं ते बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी टाकी फुटली आणि पाच माणसं गेली. पंचनाम्याच्या वेळी भिंतीपलीकडच्या खोलीत कॉम्प्युटर शाबूत होता, आणि त्याच्या पडद्यावर मर्यादेचा आकडा होता एकशे सत्तर.

"मी पंच्याऐंशीच घातले होते," रत्नाकर कोर्टात पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही. तुरुंगातून सुटल्यावर ते घराबाहेर पडले नाहीत. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसत. हेमांगी त्या माणसाच्या शेजारी बसून शाळेचा अभ्यास करत मोठी झाली, आणि पुढचं सगळं आयुष्य तिने एकाच प्रश्नात घातलं: मेलेल्या चिपला बोलतं कसं करायचं?

"एक विचारू?" बागवान म्हणाले. त्यांचा विषय धातूंचा. ही पद्धत त्यांना नवी होती. "वीज आणि बॅटरी दोन्ही गेली की ही स्मृती पुसली जाते. मग चाळीस वर्षांनी तुम्ही वाचणार काय?"

"आकडा नाही, त्याने आणलेला शीण वाचणार. एका स्मृतिपेशीत दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना रेटत असतात. एक वरचढ ठरला तर शून्य, दुसरा ठरला तर एक. आता तोच आकडा वर्षानुवर्षं तिथे राहिला, तर वरचढ बाजू तेवढी वर्षं जोर लावून उभी असते. त्यात ही चिप टाकीजवळच्या उकाड्यात होती. ती बाजू कायमची दमते."

"आणि ते कळतं कसं?"

"वीज बंद करून पुन्हा दिली की दोघं नव्याने भिडतात. दमलेला हरतो. म्हणजे पेशी जागी होते ती उलट बाजू घेऊन. माझं यंत्र चिपला हजारो वेळा जागं करतं आणि जे उमटेल ते उलटवून दाखवतं. चिपने सर्वांत जास्त काळ जे सांभाळलं, तेच आपल्याला दिसतं."

"शेवटच्या एकदोन दिवसांत कुणी आकडा बदलला असेल तर?"

"त्याचा ठसा पडणार नाही. दमायला महिने लागतात."

यंत्र सुरू झालं. दोघंही खुर्च्या ओढून बसले. आकडे आधी अस्थिर होते, मग हळूहळू बसत गेले, आणि पडद्यावर स्वच्छ उमटलं: ८५.

हेमांगींनी तोंडावर पदर घेतला. बागवानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अहवालावर सही केली.

मरणानंतर का होईना, रत्नाकर उकिडवे निर्दोष ठरले. वर्तमानपत्रांत त्यांचा तरुणपणीचा फोटो आला. पण त्याच बातमीत पुढचा प्रश्नही होता. सहा वर्षं पंच्याऐंशी होते, तर एकशे सत्तर कुणी केले? नेमकी दुप्पट! काम लवकर उरकावं म्हणून कुणीतरी मर्यादा वाढवली असणार. त्या पाळीला कॉम्प्युटरची खोली एकाच माणसाच्या ताब्यात होती. पाळीप्रमुख बाळगोंडा चौगुले. ते अजून हयात होते.

ते आपल्या मुलीला, सुमतीला घेऊन प्रयोगशाळेत आले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. खुर्ची देऊनही बसले नाहीत.

"बाई, मी त्या मशिनीला हात लावला न्हाई," ते म्हणाले. "सकाळी लाइट गेली, लगीच आली. मी आत जाऊन बघितलं, मशीन चालू हुतं. आकडा बघायची मला अक्कल न्हवती. दार लावलं आन् भाईर आलो. टाकीपाशी माझा भाऊ हुता ओ. आदगोंडा. मी त्येला मारीन व्हय?"

"तुम्ही मुद्दाम मारलं असं कुणीच म्हणत नाही," हेमांगी म्हणाल्या. आवाज जेवढा सौम्य ठेवायचा होता, तेवढा त्यांना ठेवता आला नाही. "पण आकडा आपोआप बदलत नाही, काका. वीज जाऊन स्मृती गेली असती तर तिथे काहीतरी असंबद्ध कचरा आला असता. बरोबर दुप्पट कशी येईल?"

"ते मला काय म्हाईत?"

"माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते जन्मभर सोसलं."

म्हातारा मुलीचा हात धरून निघून गेला. त्याच आठवड्यात एका वाहिनीवर हेमांगींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चिप खोटं बोलत नाही. बाकीचं चौगुल्यांनी सांगावं."

आदगोंडाची बायको कमलाबाई गेली चाळीस वर्षं थोरल्या दिरांच्याच घरात होती. तिची दोन्ही मुलं बाळगोंडांनी वाढवली, त्यांची लग्नं लावली. टीव्हीवरचं ते वाक्य ऐकून ती उठली, आपलं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि दिरांशी एक शब्द न बोलता मुलाकडे निघून गेली. बाळगोंडा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. महिनाभरात ते गेले. कमलाबाई अंत्यदर्शनालाही आली नाही.

हेमांगींना बातमी कळली तेव्हा वाईट वाटलं. पण खरं कारण बाहेर आलं याची रुखरुख त्यांनी स्वतःला लागू दिली नाही. वडिलांसाठी कुणाला कुठे वाईट वाटलं होतं?

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी बागवान आले. निकालानंतर दप्तरी ठेवायला न्यायालयाला पूर्ण सिद्धतेचा अहवाल हवा होता, त्यात मूळ कॉम्प्युटर चालू करून दाखवायचा होता. हेमांगींनी चिप पुन्हा तिच्या मूळ जागी बसवली, रत्नाकरांचा प्रोग्रॅम असलेली चिप शेजारी होतीच. टीव्ही जोडला. आता मध्ये त्यांचं वाचनयंत्र नव्हतं, उलटवून दाखवणारं काही नव्हतं.

बागवानांनी बटण दाबलं.

पडद्यावर आलं: मर्यादा १७०.

"हे कुणी घातलं?" हेमांगींनी विचारलं.

"कुणीच नाही," बागवान म्हणाले. मग त्यांनी समोरचा कागद ओढला आणि सावकाश लिहिलं. "पंच्याऐंशी आठ पेशींत असे बसतात, शून्य एक, शून्य एक, शून्य एक, शून्य एक. आता प्रत्येक पेशी उलटी करा. एक शून्य, एक शून्य..." त्यांनी खाली बेरीज मांडली: १२८, ३२, ८, २. एकशे सत्तर.

हेमांगींनी कागद ओढून घेतला आणि बेरीज पुन्हा करून पाहिली.

"त्या सकाळी वीज गेली," बागवान म्हणाले. "बॅटरीने दगा दिला असेल. चिप जागी झाली ती तुम्ही सांगितलीत तशीच, उलट बाजू घेऊन. तुमच्या वडिलांचा प्रोग्रॅम मी काल वाचला. वीज आल्यावर तो एवढंच बघतो की स्मृतीतला आकडा पन्नास ते दोनशेच्या आत आहे का. असेल तर स्मृती शाबूत आहे असं धरतो आणि कुणाला काही विचारत नाही. दर वेळी माणसाला आकडा घालायला लागू नये म्हणून केलं असणार. सोयीसाठी."

हेमांगींनी बटण बंद केलं, चालू केलं. १७०. पुन्हा बंद केलं, थांबल्या, चालू केलं. १७०. बागवानांनी त्यांचा हात धरेपर्यंत त्या ते करत राहिल्या.

"हे मीच तुम्हाला समजावलं होतं," त्या म्हणाल्या. "याच खोलीत. आणि तो म्हातारा मला सांगत होता की लाइट गेली होती."

हेमांगींनी सुमतीला फोन लावला. सगळं सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. कुणीही आकडा बदलला नव्हता. तिच्या वडिलांनी सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

"मला हे म्हाईतच हुतं," सुमती म्हणाली. "आमच्या आप्पांनी कधी खोटं बोललेलं मी बघितलं न्हाई. मला सांगून काय उपेग? ते कमलाकाकूला सांगा. आप्पा गेल्यावर ती इथंच आलीया, त्येंच्याच खोलीत बसलीया. हिथं आल्यापास्नं एक शब्द बोलली न्हाई."

"तुम्हीच सांगा ना तिला. माझ्याच्याने..."

"न्हाई. तुम्ही टीव्हीवर सांगितलं हुतं ते तिनं ऐकलं. आता हे बी तुमच्याच तोंडनं ऐकंल."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. बांगड्या किणकिणल्या, मग एका म्हाताऱ्या बाईचा श्वास ऐकू आला.

"बोला बाई," कमलाबाई म्हणाली. "भावजींनीच केलं हुतं न्हवं?"