मालक गाडीत हवेत

देशाची सीमा ओलांडायची म्हणजे बाबांचे नियम पाळायचे, हे त्या घरात ठरलेलंच होतं. फळं फाटकाच्या अलीकडेच संपवायची, पलीकडे नेऊ देत नाहीत. इंजिन बंद, सगळ्या काचा खाली, गॉगल काढलेला. “आपण पाहुणे. चेहरा आधी दाखवावा,” सासरे म्हणायचे. परमुलखात याच गाडीने त्यांनी किती देश पालथे घातले, पण एकाही फाटकावर आवाज चढवला नाही. सुनेला त्यांचं भारी कौतुक. ठकी पोटात असताना तिला गाडीत मळमळायचं, तेव्हा मागे बसून ते संत्रं सोलायचे. फोडीची एकूण एक पांढरी शीर काढायचे आणि मगच हात पुढे करायचे.

ठकीला बघायला मात्र ते राहिले नाहीत.

आज ती आणि नवरा ठकीला घेऊन निघाले होते. पोरीच्या हृदयाला छिद्र. उद्या सकाळी पलीकडच्या शहरात शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरांनी विमानाला नको म्हटलेलं. शेवटच्या वळणावर थांबून तिने उरलेलं संत्रं संपवलं, सालं डब्यात टाकली.

“गाडी बाबांची, नियम बाबांचे,” नवरा म्हणाला. “पेट्रोल तेवढं आपलं.”

फाटकावर ऊन कलत होतं. अधिकारी कामाला चोख. डिकी पाहिली, दुपट्याची घडीन् घडी उलगडली, दुधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. मग गाडीचे कागद हातात घेतले.

“गाडी तुमच्या नावावर नाही.”

“वडिलांची आहे.”

“मग त्यांचं संमतीपत्र द्या. नाहीतर मालक गाडीत हवेत. त्याशिवाय सोडता येत नाही.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. नाव बदलायचं तो कधीपासून टाळत होता. ‘बघू पुढच्या महिन्यात.’ बाबांचं नाव स्वतःच्या हाताने काढायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि तिनेही कधी लकडा लावला नव्हता. आता फाटक संध्याकाळी बंद होणार, आणि मागे ठकीचे ओठ पुन्हा निळसर दिसू लागले होते.

“साहेब, वडील आता...” नवऱ्याने सुरुवात केली.

अधिकारी तिथे नव्हताच. तो मागच्या खिडकीशी गेला होता. बाबांच्या खिडकीशी. ती काच ते गेल्यापासून बंदच अडकलेली. गॅरेजवाल्यानेही हात टेकले होते.

काच पूर्ण खाली होती.

अधिकारी वाकला. कुणाचं तरी बोलणं ऐकून घ्यावं तशी त्याने मान हलवली. टोपी काढली, पुन्हा घातली.

“आधी सांगायचं नाही का?” परत येऊन कागद देताना तो हळू आवाजात म्हणाला. “मालक सोबत आहेत की. फार शांत माणूस.”

फाटक वर गेलं.

नवऱ्याने आरशात पाहिलं नाही.

मागे काच सावकाश वर सरकल्याचा आवाज आला. ठकी खुदकन हसली.

तिने मान वळवली. ठकीशेजारची जागा रिकामी होती. पोरीच्या ओठांवर गुलाबी रंग होता, आणि मूठ घट्ट मिटलेली.

तिने ती अलगद उघडली.

संत्र्याची फोड. एकही पांढरी शीर नसलेली.